तिथी बघून खाडीत

रत्नागिरीत सायकल कधीही काढावी, होडी मात्र तिथी बघून. खाडीकाठची जुनी माणसं आजही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असली तर सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. द्वादशी असली तर नऊ. छापील तक्त्याशी थोडं मागेपुढे होतं, पण कयाक पाण्यात घालायला एवढा हिशोब पुरतो.

शहराची ठेवण आधी सायकलवर कळते. मारुती मंदिराकडून जयस्तंभाकडे निघालं की पाय आपोआप थांबतात, उतारच नेतो. तिथून गोखले नाका, राम आळी आणि पुढे मांडवीचा काळा समुद्र. परतीला तोच रस्ता दम काढतो, आणि हे गाव जांभ्याच्या सड्यावरून पाण्यापर्यंत उतरत गेलंय हे मांड्यांना समजतं. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पडणारा पाऊस या सच्छिद्र दगडात मुरतो आणि पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतो. भाट्याच्या सुरुबनापलीकडचा झरीविनायक अशाच पायथ्याशी आहे. वाटेत लागतं नारळ संशोधन केंद्र, १९५५ पासूनचं; उन्हाच्या आत पोचलात तर रांगेतल्या माडांची सावली रस्त्यावर मिळते.

पण रत्नागिरी घडली ती पाण्यावरून. मुंबई-गोवा बोटी बाहेर नांगर टाकायच्या, उतारू पडावातून काठाला यायचे. पावसाळ्यात बंदर बंद, आणि रेल्वे तर थेट विसाव्या शतकाच्या शेवटी आली. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, त्यामागे हे दूरपणही होतं. राजवाडा १९१० च्या सुमारास उभा राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. आयुष्याची तीस वर्षं परक्या गावात गेली, त्यातली जेमतेम सहा या वाड्यात. पर्यटक थिबा पॉइंटवरून खाली खाडी बघतात. मी म्हणेन, एकदा खाडीतून वर तो कडा बघावा. राजाच्या नजरेला रोज केवढं पाणी पडत असेल आणि त्यातलं काहीच त्याला घरी नेणारं नव्हतं, हे खालून जास्त जाणवतं.

द्वादशीला सकाळी साडेसहाला भाट्ये पुलाच्या आतल्या अंगाने निघावं. भरती पाठीशी असते, वल्हं नुसतं दिशा धरायला. काजळी नदी सह्याद्रीतून साखरपा, चांदेराई, हरचेरी करत इथे येते. आपण तिच्या उलट, चिंचखरीच्या दिशेने जायचं. दोन्ही काठांना कांदळवन. भरतीत फक्त पानं दिसतात, ओहोटी लागली की चिखलातून वर आलेली श्वासमुळं उघडी पडतात. त्याच वेळी बायका उतरतात. कमरेएवढ्या पाण्यात वाकून हाताने वाळू चाळायची, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, चिमटीत धरून कमरेच्या टोपलीत टाकायच्या. नजर पाण्यावर नसतेच, सगळं काम बोटं करतात. खडकाजवळ कयाक नेऊ नये. कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात, तळ चिरतो. आणि अंगात लाइफ जॅकेट हवंच, पोहता येत असलं तरी.

पुलाबाहेर मुखाकडे मात्र जाऊ नये. तिथे वाळूचा पट्टा साचलाय. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राची लाट आत येते आणि दोन्ही त्या उथळावर भिडून फुटतात. राजिवड्याचे मच्छीमार रोज याच तोंडातून होड्या काढतात आणि गाळ काढा म्हणून वर्षानुवर्षं मागणी करतात. मला हा प्रश्न फक्त मासेमारीचा वाटत नाही. ज्या शहराचा जन्म बंदरामुळे झाला, त्याने आपलंच दार बुजू द्यावं हे पटत नाही.

खाडी पर्यटनाचा विचार करणाऱ्यांनी आधी तिथल्या माणसांचं ऐकावं. मोठ्या इंजिनाच्या बोटी आणल्या तर त्यांच्या लाटांनी काठ ढासळेल, तिसऱ्यांची वाळू हलेल. वल्ह्याची होडी काहीच हलवत नाही. तिला लागतो फक्त उतरण्याजोगा जांभ्याचा पायऱ्यांचा धक्का, ओहोटीतही पाय चिखलात न रुतणारा, आणि शेजारी सायकल टेकायला जागा. पायऱ्या बांधताना तिसरीवाल्या बायकांना विचारावं, शेवटची पायरी कुठवर न्यायची ते त्याच अचूक सांगतील.