चिल्लई कलानमधले दिवस

काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या ४० दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला ‘चिल्लई कलान’ म्हणतात, आणि या काळात रात्रभर जोरदार हिमवृष्टी झाली, की दारापासून रस्त्यापर्यंतची वाट फावड्याने मोकळी करणे हेच दिवसाचे पहिले काम ठरते. ओला बर्फ भुसभुशीत बर्फापेक्षा कितीतरी जड असल्याने उतरत्या पत्र्याच्या छपरावरूनही तो वेळीच खाली ओढावा लागतो. अशा पहाटेही कांदुर, म्हणजे मोहल्ल्यातला रोटीवाला, तंदूर पेटवतो, हे विशेष मानले पाहिजे. त्याच्याकडे ‘गिर्दा’ ही गोल रोटी घ्यायला येणारी माणसे फेरन या पायघोळ लोकरी अंगरख्याच्या आत एका हाताने कांगडी, म्हणजे काड्यांच्या विणीत बसवलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे, सांभाळून धरतात. खोऱ्यात येणारा बनिहालकडचा महामार्ग बंद पडला की ताजी भाजी दुर्मीळ होते. तेव्हा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली वांगी, दुधी आणि टोमॅटो, म्हणजेच ‘होख स्यून’, चुलीवर चढतात, आणि महाराष्ट्रातल्या वाळवणांशी या बेगमीचे नाते सहज जुळते. रात्री मात्र कांगडी बंद खोलीत ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.