घाटंजी

महाराष्ट्र राज्याच्या यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्याचे मुख्य ठिकाण. ते यवतमाळच्या आग्नेयीस रस्त्याने सु. ४० किमी.वर वाघाडी नदीच्या खोऱ्यात वसले आहे. येथे नगरपरिषद आहे.

यवतमाळचे पठार दक्षिणेस पैनगंगेच्या खोऱ्याकडे उतरत जाते. त्या उतरणीवर हा प्रदेश येतो. सभोवतालच्या टेकड्या अजिंठ्याच्या रांगेच्या पूर्वेकडील विस्तारात मोडतात व त्या बेसाल्ट खडकाच्या आहेत. टेकड्यांवरील जमीन उथळ व मुरमाड, तर नदीकाठची काळी व कसदार आहे. वाघाडी ही पैनगंगेची उपनदी असून घाटंजीजवळ तिच्यावर मातीचे धरण आहे. हवामान विषम व कोरडे. मे महिन्यात तपमान ४२° से.च्याही वर जाते. पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात पडतो.

१८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर हा मुलूख वणी जिल्ह्यात समाविष्ट झाला. १९०५ मध्ये त्या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे.

कापूस हे येथील प्रमुख पीक असून तूर, सोयाबीन व ज्वारी ही इतर पिके होत. शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. उथळ जमिनीत ओल टिकत नाही. त्यामुळे पेरणीनंतर पावसाने ताण दिल्यास दुबार पेरणी करावी लागते आणि बियाणे, खते यांचा खर्च दुप्पट होतो. भाव पडले की कर्ज थकते. १९७२ साली राज्यात सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने शेतकऱ्यास हमी भावाचा आधार दिला. ती मागे पडल्यावर बाजारातील चढउतारांची झळ त्यास थेट पोहोचू लागली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता. २०१७ च्या हंगामात कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक व्यक्ती दगावल्या.

तालुक्यात कोलाम, गोंड, परधान व बंजारा समाजांची वस्ती आहे. कोलामांचा समावेश राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो. अन्य दोन गट कातकरी व माडिया गोंड हे होत. त्यांची कोलामी ही द्राविडी भाषा आहे. पोड म्हणजे कोलामांची लहान वस्ती. नाईक हा तिचा प्रमुख. बांबूच्या टोपल्या व तट्टे विणणे हा त्यांचा पारंपरिक व्यवसाय असून शेतमजुरी व वनोपज गोळा करणे यांवरही त्यांची उपजीविका चालते.

जंगल मुख्यत्वे सागाचे असून त्यात मोह, तेंदू, बांबू आढळतात. केळापूर व घाटंजी तालुक्यांत पसरलेले टिपेश्वर अभयारण्य १४८.६३ चौ. किमी. क्षेत्राचे असून वाघांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एक तरुण वाघ २०१९ मध्ये सु. १,३०० किमी. भटकंती करून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लहान अभयारण्यातील वाघांना नवा प्रदेश शोधताना शेते व गावे ओलांडावी लागतात, हे त्यावरून दिसून आले. गुराखी, मोह वेचणारे व शेतात राखणीस राहणारे यांचा वावरही याच परिसरात असल्याने वन्य जीवांचे रक्षण आणि त्यांची उपजीविका या दोहोंचा मेळ घालणे हा येथील महत्त्वाचा प्रश्न होय.