सेल्फ फिरतो, पण गाडी उचलत नाही

इंधन-इंजेक्शनची जुनी गाडी सुरू होत नाही, या एका तक्रारीत दोन निराळे आजार दडलेले असतात. एकात किल्ली फिरवली तरी सेल्फच फिरत नाही. दुसऱ्यात सेल्फ दणक्यात फिरतो, पण इंजिन उचलत नाही. पहिला आजार बॅटरी, तिचे टर्मिनल, सेल्फचा सोलेनॉइड किंवा अर्थिंगची केबल यांच्यापुरता असतो, आणि तो मल्टीमीटरने पाच मिनिटांत सापडतो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला, तर बॅटरीवर संशय घ्यावा. बॅटरी धडधाकट असूनही नुसती टकटक होत असेल, तर सेल्फ मारताना मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून पाहावी. तिथे अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंगची केबल गंजली आहे किंवा सैल झाली आहे.

कमजोर बॅटरीचा दुसऱ्या आजाराशीही संबंध आहे. कार्बोरेटरच्या काळात बॅटरी उतरली तरी चार माणसांच्या धक्क्याने गाडी सुरू होई. इंजेक्शनच्या गाडीत पंप, इंजेक्टर आणि इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, हे सगळे विजेवरच चालतात. बॅटरी पार मेली असेल, तर धक्क्याने इंजिन फिरते, पण पेट्रोलच येत नाही. आणि थोडी वीज उरली असेल, तर न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचे नुकसान करते ते वेगळेच. अशा वेळी धक्क्यापेक्षा जंपर केबल बरी.

भारतात हे तंत्र सामान्य गाड्यांत आले ते १९९० च्या दशकाच्या शेवटी. १९९८ साली आलेली सँट्रो एमपीएफआय, म्हणजे इंधन-इंजेक्शनचे, इंजिन घेऊनच आली, आणि पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर मारुती ८०० नेही कार्बोरेटर सोडला. त्या पिढीच्या बऱ्याच गाड्या आजही रस्त्यावर आहेत. त्यांच्यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे अंदाजाने एकेक भाग बदलत जाणे. आधी प्लग, मग कॉइल, मग पंप. खर्च वाढत जातो आणि दोष जागच्या जागी राहतो. इंजिनला पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन या तीन गोष्टी लागतात, त्याही योग्य क्षणी. यातले नेमके काय कमी पडते आहे, एवढे कळेपर्यंत पाना हातात घेऊ नये.

याचे अर्धे उत्तर सेल्फ मारण्याआधीच मिळते. किल्ली ‘ऑन’वर आणून थांबावे आणि पाहावे, ऐकावे. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि मागच्या सीटखालून पंपाची दोन-तीन सेकंद बारीक घुरघुर ऐकू आली पाहिजे. दिवाच लागत नसेल आणि त्याचा बल्ब शाबूत असेल, तर ईसीयूपर्यंत वीजच पोचत नाही. फ्यूज, मेन रिले आणि वायरिंग तपासावे. पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला आलेले उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा नजर तिकडेही टाकावी. किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडीचा इमोबिलायझर किल्ली ओळखत नाही. अशा वेळी दुसरी किल्ली लावून पाहणे हा बिनपैशांचा उपाय.

दिवा लागला पण पंपाचा आवाज नाही, तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले पाहावा. पंपापर्यंत वीज पोचूनही तो गप्प असेल, तर सेल्फ मारत असताना टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याने हलके ठोकावे. ब्रश झिजलेला पंप अशा ठोक्याने अनेकदा जागा होतो. गाडी तेवढ्यापुरती घरी पोचते, पण पंपाचे आयुष्य संपल्याचे ते लक्षण असते. पंप फिरतो म्हणजे दाब पुरेसा आहे, असेही नाही. बऱ्याच गाड्यांत इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये अडीच ते तीन बार दाब लागतो, आणि तुंबलेल्या फिल्टरमुळे तो मिळत नाही. हे गेजशिवाय कळत नाही.

ठिणगी तपासताना प्लगची वायर हातात धरून किंवा धातूपासून लांब लोंबकळत ठेवून सेल्फ मारण्याची सवय गॅरेजांत अजून दिसते. तीत शॉक बसतो तो बसतोच, शिवाय कॉइल किंवा इग्निशनचे मॉड्यूल जळू शकते. पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारावा आणि रेलमधला दाब उतरू द्यावा, इंजेक्टरचे कनेक्टर सोडवावेत, जुना प्लग वायरीला जोडून इंजिनच्या धातूला घट्ट टेकवावा आणि मग पुन्हा सेल्फ मारावा. निळसर, खणखणीत ठिणगी चांगली. पिवळी आणि मरतुकडी असेल तर कॉइल, वायर किंवा डिस्ट्रिब्युटरची टोपी तपासावी. टोपीत ओल शिरली की भर पावसात गाडी अडून बसते.

ठिणगीही नाही आणि इंजेक्टरही उघडत नाहीत, असे एकाच वेळी दिसले तर संशय क्रँकशाफ्टच्या, काही गाड्यांत कॅमशाफ्टच्या, सेन्सरवर जातो. इंजिन फिरते आहे ही खबर त्याच्याकडून आली नाही, तर ईसीयू दोन्ही बंद ठेवतो. बिघडलेल्या सेन्सरची खोड ओळखू येण्यासारखी असते: बोरघाट चढून आलेली तापलेली गाडी लोणावळ्यात बंद केली, तर पुन्हा सुरू होत नाही, अर्ध्या तासाने गार झाली की जणू काही झालेच नाही. टॅकोमीटर असलेल्या बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना काटा जराही हलत नसेल, तर या संशयाला बळ मिळते.

गार गाडी सुरू होत नाही आणि प्लग काढले तर पेट्रोलने चिंब निघतात, तेव्हा पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर पाहावा. इंजिन प्रत्यक्षाहून फार थंड आहे असे त्याने सांगितले, तर ईसीयू नको इतके पेट्रोल सोडतो. बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला, तर इंजेक्टर बंद राहतात आणि भिजलेले सिलिंडर सुकतात.

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक, तरी काही नाही, आणि सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका, सरसर येतो आहे, तर टायमिंग बेल्ट तुटला किंवा सरकला असावा. ऑईल भरायचे झाकण उघडून एकाने आत पाहावे, दुसऱ्याने क्षणभर सेल्फ मारावा. आत कॅमशाफ्ट हलत नसेल, तर तिथेच थांबावे. काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि सेल्फ रेटत राहिल्याने नुकसान वाढते.

स्कॅनर न जुळणाऱ्या सुझुकीच्या जुन्या प्रणालीत ईसीयू दिव्यातूनच बोलतो. डायग्नोसिसची तार अर्थ केली, की चेक इंजिनचा दिवा ठरावीक तालात लुकलुकतो: एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे १२, ‘दोष नोंदलेला नाही’. पण दुबळा पंप किंवा तुंबलेला फिल्टर या नोंदीत येत नाही, म्हणून १२ दिसला तरी दाब मोजावाच.

ईसीयूवर सगळ्यात शेवटी यावे. तो क्वचित बिघडतो. बहुतेकदा डॅशबोर्डखाली झिरपलेल्या पाण्याने त्याच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात आणि त्या साफ केल्या की काम भागते. बदलायचाच झाला आणि गाडीला इमोबिलायझर असेल, तर भंगारातून आणलेला ईसीयू त्या गाडीची किल्ली ओळखत नाही. तो किल्लीशी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी पूर्वीसारखीच नुसता सेल्फ फिरवत राहते.