फरसबंद अंगणांतील दिवे



इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत आमच्या अंजनगांव सुर्जीचें नांव येतें, तें ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यामध्यें येथें झालेल्या तहामुळें. परंतु आज मी त्या तहासंबंधानें बोलणार नाहीं. माझा विषय त्याहून पुष्कळ लहान, पण घरोघरच्या उपयोगाचा आहे. फरसबंद अंगणांत, फरशीच्या पातळींत, विजेचे दिवे कसे बसवावे आणि बसवितांना कोणती चूक जिवावर बेतूं शकते, हें मी आपणांस सांगणार आहें.

खोबणींत दिवा ठेवण्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. जुन्या वाड्यांतील देवळी ती हीच. वारा लागूं नये, तेल सांडूं नये, जाणाऱ्यायेणाऱ्याचा धक्का बसूं नये, म्हणून पूर्वजांनीं दिवा भिंतीच्या पोटांत ठेवला. आज तोच दिवा आपण जमिनीच्या पोटांत ठेवूं लागलों आहों. हेतूहि चांगला आहे. वऱ्हाडांतील उन्हाळ्यांत अनेक घरीं माणसें अंगणांत बाजा टाकून निजतात. अपरात्रीं उठलेल्या वृद्धाला पायरी दिसावी, आणि पायाखालीं विंचू असेल तर तोहि दिसावा, यासाठीं पायापाशीं मंद उजेड असणें केव्हांहि बरें. मात्र देवळींत पाणी शिरत नाहीं, जमिनींत शिरतें. साऱ्या प्रश्नाचें मूळ एवढ्यांतच आहे.

तीन वर्षांपूर्वीं मीं अंगणांत शहाबादी फरशी घालविली, तेव्हां असे आठ दिवे लावून घेतले. ते थेट २३० व्होल्टांवर चालणारे होते. बरोबर आलेल्या पत्रकांत लिहिलें होतें कीं, प्रत्येक दिव्याखालीं फूटभर खड्डा खणून त्यांत खडी भरावी, म्हणजे पावसाचें पाणी झिरपून जाईल. आम्हीं तंतोतंत तसें केलें. श्रावणांत एका सायंकाळीं माझा नातू अनवाणी, ओल्या फरशीवरून धांवत आला आणि “आजोबा, फरशी चावते” म्हणून रडूं लागला. मीं तत्काळ मुख्य कळ बंद केली. एक दिवा उचलून पाहिला, तों खालचा खड्डा कांठोकांठ भरलेला, आणि काचेच्या आंत दोन बोटें पाणी! मूल बचावलें ही ईश्वराची कृपा. त्यांत आमचें शहाणपण कांहींच नव्हतें.

पुढें विचार करतां ध्यानांत आलें कीं, पत्रक खोटें नव्हतें. तें दुसऱ्या मातीसाठीं लिहिलेलें होतें. वाळूमिश्रित जमिनींत खडीतून पाणी खालीं निघून जातें. आमची कपाशीची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत फुगून त्या भेगा मिटवून टाकते. मग तिच्यांतून पाणी फारच सावकाश उतरतें. अशा जमिनींतील खडीचा खड्डा म्हणजे निचरा नव्हे, लहानशी विहीरच होय. यास्तव खड्ड्याच्या तळापासून एक नळी काढून ती उताराच्या बाजूस, खड्ड्याहून खोल अशा मोरींत सोडली पाहिजे. तसें साधत नसेल तेथें जमिनींत दिवा लावूंच नये. पायरीच्या उभ्या अंगांत लावावा.

दुसरी गोष्ट अशी कीं, दिवा श्वास घेतो. पेटलेला दिवा तापतो, आंतील हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते. त्यावर पावसाची सर आली कीं तो एकाएकीं निवतो, हवा आकुंचन पावते, आणि जेथें सूक्ष्म फट असेल तेथून, कित्येकदां तारेच्या बारीक धाग्यांमधूनहि, पाणी आंत ओढलें जातें. चांगल्या दिव्यावर ‘आयपी ६७’ असा अंक असतो. धूळ आंत जाणार नाहीं, आणि एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडाला तरी अपाय होणार नाहीं, असा त्याचा अर्थ. अर्धा तास, चातुर्मास नव्हे! म्हणून तारेचा सांधा खड्ड्यांत ठेवूं नये. ठेवावाच लागला तर रेझिन ओतून बंद केलेल्या डबींत ठेवावा.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट : २३० व्होल्ट अंगणांत आणूंच नयेत. घरांत कोरड्या जागीं विलग प्रकारचा ट्रान्सफॉर्मर बसवून १२ किंवा २४ व्होल्टांची वीज बाहेर न्यावी. या दोहोंपैकीं कोणती, हें गणितच सांगतें. आठ दिवे, प्रत्येकीं ३ वॅट, म्हणजे एकूण २४ वॅट झाले. १२ व्होल्टांवर त्यांना २ अँपिअर प्रवाह लागेल. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार २० मीटर नेली, तर जातायेतां ४० मीटरचा रोध सुमारें अर्धा ओहम होतो. सर्व दिवे टोकाशीं धरले तर एक व्होल्ट, म्हणजे बारावा हिस्सा, वाटेंतच खर्च होतो. २४ व्होल्टांवर प्रवाह निम्मा होतो, नुकसान अर्धा व्होल्ट, म्हणजे केवळ अठ्ठेचाळिसावा हिस्सा. तेव्हां लांबच्या अंगणाला २४ व्होल्टच पत्करावे. याशिवाय घराच्या फळीवर ३० मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारें आरसीसीबी यंत्र असावें, आणि त्याची चाचणीची कळ महिन्यांतून एकदां दाबून पाहावी. काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावें.

नळ्या फरशीपूर्वीं पुराव्या व त्यांचीं तोंडें बुजवावीं; घुशी तारा कुरतडतात. फरशीस तीन मीटरांत चार सेंटिमीटर उतार द्यावा, आणि सर्वांत सखल जागीं दिवा ठेवूं नये. प्रकाश पिवळसर व मंद असावा. पांढऱ्यानिळ्या उजेडावर किडे अधिक झडप घालतात. नागपूरकडील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. काळोख ही सुद्धां जपण्याजोगी संपत्ति आहे, हें आपणहि अंगणांत विसरूं नये.

शेवटीं एक सोपी परीक्षा सांगतों. दिवे विकत आणण्यापूर्वीं अंगणांत फूटभर खड्डा खणून त्यांत बादलीभर पाणी ओतावें. सकाळीं तें तसेंच दिसलें, तर निचऱ्याची नळी आधीं, दिवे मागाहून. मात्र ही परीक्षा भर पावसाळ्यांतच घ्यावी. उन्हाळ्यांत भेगा पाणी पिऊन टाकतात आणि आपण फसतों. आमच्या अंगणांत आतां आठांऐवजीं पांचच दिवे आहेत, ते २४ व्होल्टांवर चालतात, आणि नातू पावसांत त्यांच्यावरून खुशाल अनवाणी धांवतो.