प्रतिपालक कुटुंब व्हायचंय? आधी घरातल्यांना विचारा

प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. मूल काही काळ तुमच्या घरी राहतं; परिस्थिती सुधारली की आईवडिलांकडे परत जाऊ शकतं. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार हा निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती घेते. त्याआधी घराची पाहणी होते. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वर्षांच्या एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो.

अर्जाआधी घरात बोला. आजी-आजोबा तयार आहेत? तुमची मुलं खोली वाटून घेतील? शेजारी ‘हे कोणाचं?’ विचारतील, तेव्हा काय सांगाल?

आणि सगळ्यात अवघड प्रश्न: लळा लागलेलं मूल परत निघालं, तर त्याची पिशवी हसून भरून द्याल? ‘हो’ म्हणता आलं, तर जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा.