चार्लीचे यंत्र आणि आमचे गटार

एप्रिल महिना हा आपल्या चळवळीचा महिना. ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची. वस्त्यावस्त्यांत निळे झेंडे लागतात, भीमगीते घुमतात, विहारांत व्याख्यानमाला सुरू होतात. याच महिन्यात, १६ एप्रिल १८८९ रोजी, इंग्लंडात एका गरीब कलावंताच्या घरी एक पोर जन्माला आले. बाबासाहेबांपेक्षा दोन वर्षांनी थोरले. जगाने त्याला पुढे चार्ली चॅप्लिन म्हणून ओळखले. आमच्या घरच्या संग्रहात भीमगीतांच्या कॅसेटी आहेत, मामुट्टी यांनी बाबासाहेबांची भूमिका केलेला जब्बार पटेल यांचा चित्रपट आहे आणि त्याच फळीवर चार्लीच्या चित्रपटांच्या तबकड्याही आहेत. जयंतीच्या निमित्ताने कपाट आवरताना आम्ही त्या खाली काढल्या आणि सगळ्या पुन्हा पाहिल्या.

वाचक विचारतील, चळवळीच्या दैनिकात विदूषकाचे काय काम? प्रश्न रास्त आहे. पण ज्या समाजाला हजारो वर्षे रडायलाच शिकवले, त्याने हसण्याचाही विचार केला पाहिजे. कोण हसतो, कोणावर हसतो आणि का हसतो, हा करमणुकीपुरता प्रश्न नाही. हा माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

चार्लीचे बालपण आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. बाप दारूने गेला, तेव्हा चार्ली बारा वर्षांचा होता. आई गाणारी होती. तिचा आवाज गेला, पुढे मनाचा तोल गेला आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. सातव्या वर्षी, १८९६ साली, चार्ली आई आणि भावासह लंडनच्या लॅम्बेथमधील वर्कहाउसमध्ये दाखल झाला. वर्कहाउस म्हणजे दरिद्री माणसांना कोंडून, त्यांच्याकडून काम करवून घेऊन तुकडा टाकण्याची जागा. तिथून त्याला गरिबांच्या पोरांच्या निवासी शाळेत धाडले. तिथे नायटा झाला म्हणून त्याचे डोके भादरले आणि आयोडीन फासून इतर मुलांपासून वेगळे ठेवले. वेगळे ठेवणे म्हणजे काय, हे त्या पोराला कळले होते. हाच मुलगा १९१४ साली अमेरिकेत पडद्यावर आला आणि १९१६ साली वर्षाला सहा लाख सत्तर हजार डॉलर घेणारा नट झाला. त्याच १९१६ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर आपला निबंध वाचत होते.

चार्लीविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. चार्ली म्हणजे धावणे, आपटणे, लाथाबुक्क्या. हा गैरसमज स्वस्त व्हीसीड्यांनी पसरवला. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला सोळा-अठरा चित्रे घेतली जात. ती पुढे चोवीसच्या वेगाने दाखवली की माणसे उड्या मारत चालल्यासारखी दिसतात. फुटपाथवर मिळणाऱ्या तबकड्यांवर तसेच होते. शिवाय मधल्या पाट्या कापलेल्या आणि वर कुठले तरी ढिंगच्याक संगीत चिकटवलेले. वेग दुरुस्त केलेली चांगली तबकडी लावा, म्हणजे चार्लीचा चेहरा दिसतो. 'द गोल्ड रश' या १९२५ सालच्या चित्रपटात तो भुकेने बूट शिजवून खातो. बुटाचे खिळे हाडकासारखे चोखतो, नाडी शेवयांसारखी गुंडाळतो. पाहणारा हसतो, पण ज्याने भूक पाहिली आहे तो हसता हसता थांबतो. मेलेल्या ढोराचे मांस खाण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांच्या नातवंडांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

चार्लीची लाथ कोणाला बसते, हेही पाहा. पोलीस, शेठ, मुकादम, मिरवणारा साहेब. 'द इमिग्रंट' (१९१७) मध्ये बोटीतून स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो आणि दुसऱ्याच क्षणी गरीब प्रवाशांना गुरांसारखे दोराने अडवले जाते. चार्ली त्या अधिकाऱ्याला मागून लाथ घालतो. लाथ नेहमी खालून वर जाते. आता आपल्याकडच्या विनोदी चित्रपटांकडे पाहा. तोतरा गडी, काळी मोलकरीण, जाडी बाई, खेडवळ भाषा बोलणारा शिपाई. इथे लाथ वरून खाली येते. आपल्या परंपरेत मात्र वेगळा विनोद होता. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशात सोंगाड्या उभा राही तो सावकाराची, भटाची, गावच्या पाटलाची फजिती करायला. गण-गवळण मागे पडली आणि तिच्या जागी माणुसकीचा हक्क आला. ती लाथही खालून वर जाणारीच होती. चार्ली आम्हाला आपला वाटतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट कपड्यांची. आखूड कोट, ढगळ पँट, फाटके बूट, पण डोक्यावर हॅट आणि हातात छडी. हा भणंग कुणापुढे लाचार होत नाही. टोपी उचलून नमस्कार करतो, बाईला खुर्ची देतो. फाटका असून सभ्यपणा सोडत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, लोखंडाचे दागिने घालावेत अशी आज्ञा आहे. १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडला ती मनुस्मृती जाळली गेली आणि तिथेच बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना नीटनेटके लुगडे नेसायला आणि जात दाखवणारे दागिने टाकायला सांगितले. बाबासाहेबांच्या कोट-टायवर नाके मुरडणाऱ्यांना कपड्याचा हा अर्थ कधी कळला नाही.

पण इथेच चार्लीची आणि आपली वाट वेगळी होते. चार्लीच्या कितीतरी चित्रपटांत तो चांगला कोट चढवतो आणि लोक त्याला सरदार समजून पंक्तीला बसवतात. आपल्या देशात कोट चढवून पंक्तीला बसता येत नाही. आधी आडनाव विचारतात. बडोद्यात परदेशी पदव्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, तेव्हाही त्यांच्या अंगावर चांगलेच कपडे होते. गरिबी कोटाखाली लपते, जात लपत नाही. 'सिटी लाइट्स' (१९३१) मधला लखपती मात्र आम्हाला इथला वाटतो. दारूच्या नशेत तो चार्लीच्या गळ्यात पडतो आणि शुद्धीवर आला की नोकराकरवी त्याला हाकलतो. व्यासपीठावर समतेच्या नशेत असणारे आणि घरी जाताच शुद्धीवर येणारे असे पुष्कळ मित्र चळवळीने पाहिले आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 'मॉडर्न टाइम्स' हा चित्रपट फेब्रुवारी १९३६ मध्ये आला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' प्रसिद्ध केले आणि स्वतंत्र मजूर पक्ष काढला. चित्रपटाच्या सुरुवातीला मेंढरांचा कळप दिसतो आणि त्यानंतर कारखान्यात शिरणारे कामगार. सरकत्या पट्ट्यावर चार्ली दिवसभर नट आवळतो. मालक वर बसून चित्राचे तुकडे जुळवत असतो आणि मधूनच वेग वाढवायला सांगतो. कामगार संडासात विडी ओढायला गेला तरी भिंतीवर मालकाचा चेहरा उमटतो. एक दिवस जेवण भरवणारे यंत्र येते. कामगाराला जेवणाची सुट्टीच द्यायला नको, असा त्याचा फायदा. ते चार्लीवर करून पाहतात. यंत्र बिघडते, कणीस तोंडावर गरगरते, सूप छातीवर सांडते, तोंडात चक्क नट कोंबले जातात. मालक यंत्र परत पाठवतो. कामगाराला इजा होते म्हणून नव्हे, तर ते व्यवहारात परवडणारे नाही म्हणून. वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवा.

हा चित्रपट यंत्राविरुद्ध आहे असे पुष्कळ जण सांगतात. आम्हाला ते पटत नाही. पुढे एका प्रसंगात यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री चाकांत अडकतो, फक्त डोके बाहेर राहते. तेवढ्यात जेवणाचा भोंगा होतो. चार्ली त्याच्या तोंडात घास घालतो, शिजवलेल्या कोंबडीचे नसराळे करून कॉफी पाजतो. यंत्र माणसाला भरवते तेव्हा छळ होतो, माणूस माणसाला भरवतो तेव्हा हसू येते आणि डोळेही भरतात. चार्लीचा राग चाकावर नाही. चाक कोणाच्या हुकमावर फिरते, यावर आहे.

याला पुरावा आहे. २२ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनमध्ये चार्लीची आणि गांधीजींची भेट झाली. गोलमेज परिषदेचे दिवस होते. बाबासाहेब त्याच शहरात अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांसाठी झुंजत होते. चार्लीने गांधीजींना विचारले की, यंत्र सर्वांच्या भल्यासाठी वापरले तर माणसाची गुलामी कमी होईल, कामाचे तास घटतील, मग यंत्राला विरोध का? गांधीजींनी परदेशी राजवटीचे आणि चरख्याचे उत्तर दिले. चार्लीला त्या उत्तरातले लढ्याचे डावपेच समजले. पण त्याचा प्रश्न आमच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. चौदा वर्षांनी, १९४५ साली, काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी तोच धागा पकडून पार शेवटापर्यंत नेला. यंत्रामुळे माणसाला उसंत मिळते, उसंतीशिवाय विचार नाही आणि संस्कृतीही नाही. यंत्राचा लाभ मूठभरांनी लुटला असेल तर यंत्राला शिव्या देऊ नका, समाजाची घडी बदला, असे त्यांचे म्हणणे. ते नुसते म्हणून थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी मांडले आणि १९४६ मध्ये त्याचा कायदा झाला.

मात्र चार्लीच्या कारखान्यात जी गोष्ट नव्हती ती मुंबईच्या गिरण्यांत होती. विणाई खात्यात पगार जास्त मिळे, पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्राला जात नव्हती. ती यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात होती. म्हणूनच श्रमाची वाटणी वेगळी आणि श्रमिकांची वाटणी वेगळी, हे बाबासाहेबांना सांगावे लागले.

आणि आज? चार्लीचा कामगार यंत्राच्या पोटात गेला आणि वेडा होऊन का होईना, जिवंत बाहेर आला. आमचा माणूस गटाराच्या पोटात जातो तो बाहेर येत नाही. तिथे यंत्रच नसते. कमरेला दोर, हातात बादली, आत विषारी वायू. एक बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली आणि ही प्रथा समूळ नष्ट करा असे बजावले. त्याच २०२३ साली देशाचे यान चंद्रावर उतरले. केरळातल्या तरुण अभियंत्यांनी २०१८ सालीच मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव तयार केला होता. म्हणजे विज्ञान कमी पडलेले नाही. मग चेंबरमध्ये माणूस का उतरतो?

त्या मालकाचे वाक्य आठवा. परवडत नाही! ठेकेदाराला यंत्र महाग पडते आणि माणूस स्वस्त पडतो. पण सगळीच माणसे स्वस्त नसतात. कुठली स्वस्त, हे जातीने आधीच ठरवून ठेवले आहे. चंद्रावर यंत्र जाते, कारण तिथे पाठवायला जात नाही. गटारात यंत्र जात नाही, कारण तिथे पाठवायला जात आहे. गांधीजींचा चरखा घेऊन हा प्रश्न सुटणार नाही आणि एकट्या चार्लीच्या विनोदानेही सुटणार नाही.

चार्लीची मर्यादाही ओळखली पाहिजे. 'मॉडर्न टाइम्स'मध्ये मालमोटारीवरून पडलेले लाल फडके तो उचलतो, परत करायला हलवतो, तेवढ्यात मागून मोर्चा येतो आणि पोलीस त्यालाच पुढारी म्हणून पकडतात. प्रसंग झकास आहे. पण चार्लीचा भणंग कधीच कुणाच्या संघटनेत जात नाही. शेवटी तो आपल्या मैत्रिणीचा हात धरून मोकळ्या रस्त्याने निघून जातो. आपल्याला असे निघून जाता येत नाही. आपला रस्ता महाडच्या तळ्याकडे गेला तो हजारोंनी मिळून गेला. जोहारापासून जयभीमपर्यंत आपण आलो ते एकेकट्याने नव्हे.

तेव्हा यंदाच्या जयंतीत डीजेच्या भाड्यातले थोडे पैसे वाचवा. विहारात पांढरा पडदा लावा आणि पोराबाळांना 'मॉडर्न टाइम्स' दाखवा. भाषेची अडचण नाही, त्यात बोलणे जवळजवळ नाहीच. पोरे पोट धरून हसतील, हसू द्या. ते जेवण भरवण्याचे यंत्र परत जाते तिथे चित्रपट थांबवा आणि विचारा, मालकाने यंत्र का परत केले? उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न विचारा, आपल्या गावच्या नगरपालिकेकडे, महापालिकेकडे गटार उपसायची यंत्रे किती आहेत आणि तरीही माणूस आत का उतरतो? माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्याच रात्री लिहा. अर्जाखाली एका माणसाची सही नको, सगळ्या वस्तीची असू द्या. जयभीम!