स्प्रेडशीटमधील मजकूर-शोध आणि शब्दांची सामान्यरूपे

प्रकल्पासाठी जमवलेल्या म्हणी व वाक्प्रचार स्प्रेडशीटमध्ये नोंदवले, की विशिष्ट शब्द असलेल्या नोंदी सूत्राच्या साहाय्याने वेगळ्या काढता येतात. सूत्रांची नावे संगणकावर रोमन लिपीत टाइप करावयाची असतात. येथे ती उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

समजा, ‘ए’ स्तंभात पुढील नोंदी आहेत :

ए2 : पालथ्या घड्यावर पाणी
ए3 : पाण्यात राहून माशाशी वैर
ए4 : पाणिग्रहण करणे

शोधाचे सूत्र

=फाइंड("पाणी",ए2)

कंसातील पहिला घटक म्हणजे शोधावयाचा मजकूर व दुसरा म्हणजे शोधाचे ठिकाण. या सूत्राचे उत्तर 17 येते. आपण अक्षरे व मोकळ्या जागा मोजल्यास ‘पा’ दहाव्या स्थानी आहे. परंतु संगणक व्यंजन, काना, वेलांटी आणि हलन्तचिन्ह स्वतंत्रपणे मोजतो. ‘थ्या’ हे आपले एक अक्षर त्याच्या लेखी चार चिन्हे होत.

मजकूर न सापडल्यास उत्तराऐवजी त्रुटीचा संदेश येतो. तो टाळण्यासाठी हे सूत्र ‘इझनंबर’ या सूत्रात घालावे. मग केवळ ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ असे उत्तर मिळते.

=इझनंबर(फाइंड("पाणी",ए3))

याचे उत्तर मात्र ‘फॉल्स’ येते. म्हणीत पाणी आहे, तरी सूत्राला ते दिसत नाही. विभक्तिप्रत्यय लागताना ‘पाणी’चे सामान्यरूप ‘पाण्या’ होते आणि चिन्हांचा क्रम बदलतो. असा शोध घेऊन काढलेली संख्या प्रकल्पात दिली, तर निष्कर्षच चुकेल.

यावर केवळ ‘पाण’ शोधणे हा सोपा उपाय वाटतो. परंतु त्यामुळे ए4 मधील नोंदही निवडली जाते. तेथील ‘पाणि’ या संस्कृत शब्दाचा अर्थ हात असा आहे. म्हणून सरळरूप व सामान्यरूप दोन्ही द्यावीत :

=ऑर(इझनंबर(फाइंड("पाणी",ए2)),इझनंबर(फाइंड("पाण्या",ए2)))

हे सूत्र ‘बी2’ मध्ये लिहून खाली ओढल्यास पहिल्या दोन नोंदींपुढे ‘ट्रू’ व तिसरीपुढे ‘फॉल्स’ येते. एका नोंदीत शब्द दोनदा आला, तरी उत्तर एकच येते. म्हणजे येथे नोंदी मोजल्या जातात, शब्द नव्हेत.

सारांश

सूत्र चिन्हांचा क्रम शोधते; शब्दाचे रूप व अर्थ त्याला कळत नाहीत. कोणती रूपे शोधावीत हे व्याकरणाच्या ज्ञानावरूनच ठरते.

आपली प्रगती तपासा

1. ‘घोडा’ या शब्दाच्या नोंदी शोधण्यासाठी कोणकोणती रूपे द्यावी लागतील?
2. केवळ ‘घोड’ शोधल्यास ‘घोडचूक’ हा शब्द का निवडला जाईल?